चाकाचा आवाज ओळखा, नाहक खर्च टाळा

धंद्यासाठी मोटार वापरणारे आणि गॅरेज चालवणारे, अशा दोन्ही वाचकांसाठी आम्ही आज चाकांच्या आवाजाचा विषय घेत आहोत. गाडीने ताशी ५०-६० किलोमीटरचा वेग घेतला की खालून घूं-घूं आवाज येतो, ही तक्रार नेहमीची. टायर गेले असे समजून चारही टायर बदलले जातात, पण दोष बेअरिंगचा असेल तर आवाज कायमच राहतो. पैसा गेला आणि धोकाही टळला नाही. गाडी आंबा किंवा करूळ घाटातून कोकणात माल-माणसे नेणारी असेल, तर हा धोका लहान नव्हे.

प्रथम आवाज कोठला ते ठरवावे. सपाट, मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन गाडी क्षणभर न्यूट्रल करावी. घाटात किंवा उतारावर हे मुळीच करू नये. इंजिनचा वेग उतरूनही घूं-घूं तशीच राहिली, तर दोष बहुधा चाकांकडे आहे.

टायर की बेअरिंग? डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर जाताच आवाजाचा सूर बदलला, तर टायरचा संशय घ्यावा. रस्ता कसाही असो, आवाज तोच राहून वेगाबरोबर वाढत असेल, तर बेअरिंग तपासावे. रिकाम्या रस्त्यावर बेताच्या वेगात गाडी हळूच डावी-उजवीकडे वळवून पाहावी. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो. तेव्हा आवाज वाढला तर बहुतेक वेळा उजव्या बाजूचे बेअरिंग खराब असते. उजवीकडे वळताना याच्या उलट समजावे.

टायर कसा तपासावा? टायरच्या नक्षीवरून तळहात फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले तर अलाइनमेंट बिघडली आहे. जागोजागी खोलगट खळगे लागले तर शॉक अॅब्सॉर्बर कमजोर झाले असतील किंवा बॅलन्सिंग गेले असेल. मूळ दोष न काढता नवा टायर घातला, तर तोही तसाच झिजतो. नक्षीच्या खाचांत १.६ मिलिमीटर उंचीच्या खुणा असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर बदलावाच. टायरच्या बाजूला फुगवटा दिसला तर त्यावर पुढचा प्रवास करू नये.

चाक कसे हलवून पाहावे? गाडी सपाट जागी घ्यावी, जमिनीवरच्या चाकांना दगड लावावेत, मग जॅक लावावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. चाक वर-खाली धरून हलवताना खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट पाहावा. आडवे धरून पुढचे चाक हलले तर स्टिअरिंगचे टाय रॉड एंड पाहावेत. चाक फिरवताना खरखर आली, तर तो बेअरिंगचा किंवा ब्रेकचा इशारा समजावा.

इतर आवाजही ओळखावेत. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी चालवताना कट-कट झाली तर एक्सलचा जॉइंट पाहावा. ब्रेक दाबताच लोखंड घासल्यासारखे वाटले तर ब्रेक पॅड संपले आहेत. चाकाच्या वेगाबरोबर टक-टक येत असेल तर आधी नक्षीत अडकलेला खडा शोधावा. हे काम फुकटचे आहे. खडखड येत असेल तर चाकाचे नट तात्काळ आवळावेत.

कोल्हापूरकरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि वाहतूक अनेक दिवस बंद पडली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झाले. अशा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या बेअरिंगमध्ये सीलमधून पाणी शिरू शकते. मग ग्रीस बिघडते, गोळ्यांना गंज चढतो आणि आवाज काही आठवड्यांनीही सुरू होऊ शकतो. पुरात सापडलेली जुनी गाडी घेताना हे जरूर तपासावे.

गॅरेजवाल्या बांधवांना आमचे सांगणे एवढेच, की ग्राहकाला शेजारी बसवून गाडी चालवावी, आवाज त्याला ऐकवावा, दोष दाखवावा आणि मगच खर्च सांगावा. चार टायर विकून एकदाच नफा होतो, पण खरे निदान करणाऱ्याकडे ग्राहक वर्षानुवर्षे येतो.