गाडी धावेल, पण बसेल कोण?

गेल्या वर्षी होस्टेलमध्ये एक बेत निघाला. दर शनिवारी संध्याकाळी सहाला शहरात जायला कॉलेजची बस. मेसच्या दारावर कागद चिकटवला, 'येणाऱ्यांनी नावे लिहावीत'. 62 नावं आली. पहिल्या शनिवारी बसमध्ये आम्ही 19 जण! तिसऱ्या शनिवारनंतर बस बंद. यादी करणारा मीच, त्यामुळे रेक्टर सरांची बोलणी खाण्याचा मानही मलाच मिळाला.

सिव्हिलच्या शेवटच्या वर्षी सेमिनारला विषय घेताना ती यादी डोक्यात होतीच. विषय घेतला, शहरात लाइट रेल टाकण्याआधी तिच्यात किती माणसं बसतील हे कसं काढतात. (लाइट रेल म्हणजे ट्रामची सुधारलेली आवृत्ती. मेट्रोपेक्षा हलकी, काही ठिकाणी चक्क रस्त्यावरून जाणारी.)

पद्धत चार पायऱ्यांची. शहराचे विभाग पाडायचे. कुठल्या विभागातून रोज किती प्रवास सुरू होतात, ते कुठे संपतात, कोणत्या वाहनाने होतात आणि कोणत्या मार्गाने, हे क्रमाने काढायचं. पहिल्या दोन पायऱ्यांना लोकसंख्येचे आणि नोकऱ्यांचे आकडे लागतात, तेही आजचे नव्हे, पंधरा-वीस वर्षांनंतरचे. म्हणजे सुरुवातच अंदाजावर.

खरी गंमत तिसऱ्या पायरीत आहे. तिथे लॉजिट मॉडेल वापरतात. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. चालण्याचं आणि थांबण्याचं प्रत्येक मिनिट माणसाला गाडीत बसलेल्या मिनिटाच्या साधारण दुप्पट जड वाटतं असं धरा. बसने 5 मिनिटं चालणं, 5 थांबणं, 20 प्रवास, म्हणजे वजनी 40 मिनिटं. रेल्वेने 8 चालणं, 4 थांबणं, 12 प्रवास, म्हणजे 36. फरक 4 मिनिटांचा. एका मिनिटाला 0.1 गुणांक धरला तर रेल्वेचा वाटा 1/(1+e^-0.4), म्हणजे 60 टक्के. आता पैसे वाचवायला गाड्या दर 8 मिनिटांऐवजी दर 16 मिनिटांनी सोडल्या. सरासरी थांबणं 4 वरून 8 झालं, रेल्वेची बेरीज 44. वाटा 40 टक्के! रूळ तेच, डबे तेच, फक्त वेळापत्रक बदललं. हे गणित मी तीनदा तपासलं, कारण माझा विश्वास बसेना.

याच मॉडेलवर काम करणाऱ्या डॅनियल मॅकफॅडन यांना 2000 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'बार्ट' रेल्वेसाठी (ही लाइट रेल नव्हे, मोठी रेल्वे) अधिकृत अंदाज होता 15 टक्के वाट्याचा. मॅकफॅडन यांच्या गटाने 6.3 काढला, प्रत्यक्षात आला 6.2. पण आतल्या आत चुका होत्याच, उदाहरणार्थ स्टेशनपर्यंत पायी येणारे त्यांनी जास्त धरले होते. एका बाजूची चूक दुसऱ्या बाजूच्या चुकीने भरून निघाली. आपल्या सबमिशनमध्येही असं होतं, पण आपण कबूल करत नाही.

सगळ्यांचं नशीब असं नसतं. 1989 मध्ये डॉन पिकरेल यांनी अमेरिकी सरकारसाठी अंदाज आणि वास्तव शेजारी मांडून दाखवलं. बफेलोत रोज 92 हजार प्रवासी अपेक्षित, आले सुमारे 29 हजार. सॅक्रामेंटोत 50 हजार अपेक्षित, आले 14 हजारांच्या आसपास. पोर्टलंडमध्ये साडेबेचाळीस हजार, आले वीस हजारांच्या आत. बफेलोची बाजू घ्यायची तर 1970 मध्ये तिथे 4 लाख 62 हजार माणसं होती, 1990 मध्ये उरली 3 लाख 28 हजार. माणसंच गेली तर गाडीत बसणार कोण? पण अशा आकड्यांतल्या चुका दुरुस्त करूनही फरकाचा मोठा भाग उरतो, असं पिकरेल यांचं म्हणणं. बांधकामाचा बराच खर्च केंद्र सरकार देणार असेल तर आपल्या शहराचा आकडा फुगवायचा मोह कुणाला होणार नाही? काही जणांनी हरकत घेतली, की ज्या वर्षासाठी अंदाज होते ते वर्ष अजून उजाडलंच नव्हतं. हरकत काही ठिकाणी रास्त आहे, पण तिपटीचा फरक तेवढ्याने भरून येत नाही असं मला वाटतं.

उलटंही घडतं. फिनिक्समध्ये डिसेंबर 2008 मध्ये लाइट रेल सुरू झाली. अपेक्षा रोज 26 हजारांची होती, प्रवासी 30 हजारांवर गेले.

सेमिनारमध्ये मी माझ्या काल्पनिक मार्गाचं उत्तर दशांशानंतर तीन अंकांपर्यंत दिलं होतं. सर शांतपणे म्हणाले, "लोकसंख्या कुठून आणलीस?" मी म्हटलं, "सर, गृहीत धरली." "मग ते तीन अंक कशाचे?" वर्ग हसला. मीही हसलो, पण रात्री बसून सगळं पुन्हा केलं. या वेळी लोकसंख्या आणि गाड्यांमधलं अंतर बदलून कमीत कमी आणि जास्तीत जास्त, अशी दोन टोकं काढली.

आणि हो, शनिवारच्या बसचं. या वेळी कागद चिकटवला नाही. मी आणि रूम पार्टनर तीन शनिवार गेटवर बसून रिक्षाने शहरात जाणारी पोरं मोजली. बहुतेक जण साडेचारलाच निघतात, सहाला कुणीच नाही! रेक्टर सरांना नवा अर्ज दिलाय, साडेचारच्या बससाठी. अपेक्षित प्रवासी या रकान्यात लिहिलंय, 15 ते 35.