स्वादुपिंडाची आतून सोनोग्राफी: कधी करावी, किती मानावी

पोटाच्या वरच्या भागात कळ येते, ती पाठीत जाते, जेवल्यावर वाढते. ॲसिडिटीच्या गोळ्यांनी फरक पडत नाही आणि सोनोग्राफी नॉर्मल येते. अशा रुग्णांपैकी काहींना क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाचा जुनाट दाह असतो. स्वादुपिंड जठराच्या मागे दडलेलं असतं आणि मधल्या गॅसमुळे पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत ते पुष्कळदा नीट दिसतच नाही.

अशा वेळी एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंडचं (ईयूएस) नाव निघतं. दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफीचा बारीक प्रोब असतो. तो तोंडावाटे जठरात आणि पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीला नेतात. तिथून स्वादुपिंड अगदी जवळ असल्यामुळे नळीचा वेडावाकडा काठ, तिच्यातला लहानसा खडा, ग्रंथीत मधाच्या पोळ्यासारखे पडलेले कप्पे हे सगळं दिसतं.

अडचण इथेच सुरू होते. रूढ पद्धतीत अशी नऊ लक्षणं मोजतात. पाच किंवा जास्त असतील तर आजार असण्याची शक्यता बरीच, दोन किंवा कमी असतील तर थोडी. तीन-चार असतील तर? वय, धूम्रपान, दारू, लठ्ठपणा यांमुळेही ग्रंथीत असे बदल दिसतात. शिवाय तेच चित्र पाहून दोन डॉक्टरांची मतं वेगळी पडू शकतात. म्हणून २००७ साली अमेरिकेत रोझमाँट इथे जमलेल्या तज्ज्ञांनी लक्षणांना कमी-जास्त वजन दिलं. सावली पाडणारे ठिपके आणि नळीतले खडे यांना सर्वांत जास्त. त्यानेही घोळ पूर्ण मिटला नाही. तेव्हा रिपोर्टवर ‘चेंजेस ऑफ क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिस’ एवढंच लिहिलं असेल, तर कोणती लक्षणं आणि किती, हे डॉक्टरांना जरूर विचारा. केवळ तीन लक्षणांवर कुणाला आयुष्यभराचा रुग्ण ठरवणं मला पटत नाही.

म्हणून आधी सीटी किंवा एमआरआय. सीटीत खडे स्पष्ट दिसले, तर निदानासाठी ईयूएसची गरज नाही. (आपल्याकडे दारूला कधी न शिवलेल्या तरुणांतही असे खडे सापडतात, तेव्हा घरच्यांनी उगाच संशय घेऊ नये.) शंका उरली तर मात्र ईयूएस मोलाची. गाठ दिसली, तर त्याच दुर्बिणीतून सुईने नमुना घेऊन कॅन्सर आहे का हे तपासता येतं.

तपासणीआधी साधारण सहा ते आठ तास उपाशी राहावं लागतं. रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांबद्दल आधीच सांगा, मनाने बंद करू नका. गुंगीचं औषध देतात, त्यामुळे सोबत कुणी असावं आणि त्या दिवशी गाडी चालवू नये. घसा थोडा दुखेल. पण पोटात जोराची कळ, ताप, रक्ताची उलटी किंवा काळी शी झाली, तर तडक हॉस्पिटल गाठा.

आणि बिडी-सिगारेट, दारू आजच सोडा. त्यासाठी रिपोर्टची वाट पाहू नका.