दांडग्या कुत्र्यासाठी डे-केअर

कुत्र्यांचे डे-केअर म्हणजे मालक कामावर असताना कुत्र्याला दिवसभर सांभाळणारी जागा. मुक्कामी ठेवून घेणारे बोर्डिंग निराळे. जागा आणि माणसे पुष्कळदा तीच असतात, पण बोर्डिंगमध्ये कुत्रा सुरक्षित राहिला आणि वेळेवर जेवला तरी पुष्कळ झाले. डे-केअरमध्ये तो दिवस कसा घालवतो हाच मुख्य प्रश्न असतो. सिल्वासात ही गरज आमली, मसाट, खडोली या औद्योगिक वसाहतींबरोबर वाढली. कारखान्यांत नोकरीला आलेली महाराष्ट्रातली, गुजरातमधली कुटुंबे टोकरखाडा, नरोली, सामरवरणी भागातल्या फ्लॅटमध्ये राहतात, नवराबायको दोघे कामावर जातात आणि दोन खोल्यांत वाढलेला लॅब्रडॉर किंवा हस्की सोफ्याचा कापूस काढत बसतो. मुंबई-पुण्यात निवडीला वाव असतो. इथे तो कमी असल्याने वापीपर्यंत चौकशी करावी लागते, आणि जवळ आहे म्हणून जे मिळेल ते पत्करण्याचा मोह होतो.

दांडगा कुत्रा म्हणजे एकच प्रकार नव्हे. लॅब्रडॉर पाण्यातून पक्षी आणून देण्यासाठी घडवलेला. त्याला काहीतरी तोंडात धरून आणायचे असते. बीगल वासाच्या मागे तासन्‌तास चालणारा, त्याचे सगळे काम नाकाचे. जर्मन शेफर्ड आणि बेल्जियन मॅलिनॉय ही मेंढपाळी जातकुळी. दुसरा कुत्रा पळाला की त्याला वळवून आणायचे, वेळ आली तर टाचेला चावा घ्यायचा, हे त्यांच्या रक्तात असते. महाराष्ट्रात पश्मी किंवा कारवान म्हणून ओळखला जाणारा शिकारी कुत्रा नजरेच्या टप्प्यात पळणाऱ्या वस्तूमागे सुटतो आणि क्षणात वेग घेतो. त्याच अंगणात एखादा छोटा पॉमेरेनियन पळाला तर खेळ कुठे संपला आणि शिकार कुठे सुरू झाली हे सांगता येत नाही. म्हणून ‘आमच्याकडे भरपूर मोकळी जागा आहे’ हे उत्तर अपुरे ठरते. कोणता कुत्रा कोणाबरोबर सोडला जातो, हे विचारावे लागते.

प्रस्तुत लेखकाच्या घरचा लॅब्रडॉर काही काळ या परिसरातल्या एका डे-केअरमध्ये जात असे. संध्याकाळी घरी आला की तो दारातच पसरायचा, जेवणाकडे पाठ फिरवायचा आणि पाण्याचे भांडे एका दमात रिकामे करायचा. अशा थकव्याला घरोघरी शुभ लक्षण मानतात. पुढे त्याचा आवाज बसला, पंजांच्या गाद्या सोलवटल्या आणि घरात जरा खुट्ट झाले तरी तो दचकू लागला. एका दुपारी अवेळी तिथे जाणे झाले तेव्हा उलगडा झाला. पत्र्याच्या शेडमध्ये लहानमोठे सगळे कुत्रे एकत्र सोडलेले, सांभाळणारा मुलगा फाटकाशी फोनवर, आणि अंग टाकायला शांत कोपरा कुठेच नाही. कुत्रा दिवसभर सावध राहून दमत होता. खेळणे त्यात थोडेच होते.

डे-केअरची पहिली कसोटी इथून निघते. तिथे कुत्र्याला किती पळवतात यापेक्षा त्याला केव्हा आणि कसे थांबवतात हे आधी पाहावे. मोठा झालेला निरोगी कुत्रा दिवसरात्र मिळून साधारण 12 ते 14 तास झोपतो, पिल्लू त्याहून जास्त. दांडगा कुत्रा मात्र गर्दीत स्वतःहून थांबत नाही. एकदा अंगात आले की तो दमला तरी पळतच राहतो, आणि दमलेल्या, चेवलेल्या कुत्र्यांतच भांडणे लागतात. चांगल्या जागी सकाळी खेळ, मग प्रत्येकाला वेगळ्या खोलीत किंवा क्रेटमध्ये दुपारची सक्तीची झोप आणि उन्हे उतरल्यावर पुन्हा थोडा खेळ, असा क्रम असतो. ‘आम्ही दिवसभर मोकळे सोडतो’ असे कोणी अभिमानाने सांगितले तर ती जागा शांत, म्हाताऱ्या कुत्र्याला कदाचित चालेल; दांडग्याला नाही.

दुसरी गोष्ट माणसांची. एका वेळी दहा-पंधरा कुत्र्यांमागे एक जाणता माणूस ही वरची मर्यादा समजली जाते. सगळे कुत्रे अंगापिंडाने मोठे आणि चपळ असतील तर हा आकडा बराच खाली यायला हवा. माणूस जाणता आहे का, हे त्याच्याशी दहा मिनिटे बोलले तरी कळते. खऱ्या खेळात कुत्री पुढचे पाय वाकवून, पार्श्वभाग वर करून आमंत्रण देतात, पाठलाग करणारा थोड्या वेळाने स्वतः पळू लागतो, मध्येमध्ये अंग झटकून दोघेही थांबतात. एकच कुत्रा सतत वर आणि दुसरा सतत खाली, शेपूट पायांत, ओठ चाटणे, जांभया, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेपर्यंत तिरके पाहणे, ही त्रासाची चिन्हे आहेत. शंका आली तर वरचढ कुत्र्याला क्षणभर धरून ठेवावे. खालचा त्याच्याकडे परत आला तर खेळ होता, निघून गेला तर नव्हता. ही युक्ती ज्याला ठाऊक आहे त्याच्या हाती कुत्रा द्यायला हरकत नाही. ‘ते आपापसात मिटवतात’ असे म्हणणाऱ्याकडून मुकाट्याने परतावे.

प्रवेशाची पद्धतही बरेच सांगून जाते. पैसे घेऊन त्याच दिवशी कुत्र्याला घोळक्यात सोडणारे केंद्र घाईचे. नवा कुत्रा आधी एकटा फिरवून जागेचा वास घेऊ द्यावा, मग एका शांत कुत्र्याशी ओळख, मग लहान गट, तोही अर्ध्या दिवसासाठी. फाटक दुहेरी हवे. एक बंद झाल्याशिवाय दुसरे उघडू नये. सिल्वासा-वापी रस्त्यावर मालट्रकांची वर्दळ असते, आणि निसटलेला हस्की हाकेला वळेल या भरवशावर राहता येत नाही. गटात खेळताना गळपट्टे काढलेले बरे, कारण दुसऱ्याच्या जबड्यात पट्टा अडकला की दोघेही घाबरून ओढतात आणि गळा आवळला जातो.

सिल्वासाच्या हवेचा विचार वेगळा करावा लागतो. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकतो. हवा दमट असली की जिभेवरचे पाणी उडत नाही आणि उष्णता आतच राहते, म्हणून एप्रिल-मे इतकाच पावसाआधीचा आणि ऑक्टोबरचा उकाडाही धोक्याचा. निरोगी कुत्र्याचे तापमान 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस असते. ते 41 च्या वर गेले की उष्माघात समजून उपचार करावे लागतात. औद्योगिक गाळा भाड्याने घेऊन सुरू केलेल्या जागेत वर पत्रा आणि खाली सिमेंटची फरशी असते. भर दुपारी तिथे तळहात फरशीवर टेकवून पाहावा. पंखे, कूलर, वीज गेल्यावरची सोय आणि पाण्याची एकाहून अधिक भांडी आहेत का, हेही तेव्हाच पाहून घ्यावे.

पावसाळ्यात चिंता बदलते. या भागात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, सखल भागात पाणी साचते. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. सुरत, नवसारी, वलसाड या पट्ट्यात भातशेतीच्या चिखलात काम करणाऱ्या माणसांना तो कित्येक पावसाळे भोवला आहे, आणि कुत्र्यांनाही तो होतो. लेप्टोच्या लशीचा प्रभाव साधारण वर्षभरच धरतात. पहिल्यांदा देताना काही आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात. त्यामुळे ते काम जूनच्या आधी उरकावे. रेबीज, डिस्टेंपर आणि पार्व्होच्या लशी तर कोणत्याही ऋतूत अनिवार्य. केनेल कफची लस नेहमीच्या एकत्रित लशीत सहसा नसते, ती वेगळी मागून घ्यावी लागते, आणि गटात जाणाऱ्या कुत्र्यालाच तिची खरी गरज असते. लसीकरणाचे पुस्तक न तपासता कुत्रा घेणारे केंद्र दुसऱ्यांचेही तसेच घेत असणार. पिल्लाच्या लशी साधारण चार महिन्यांपर्यंत पुऱ्या होतात. तोवर त्याला पाठवूच नये. पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो आणि नेहमीच्या फिनाइलवर भरवसा ठेवता येत नाही, ब्लीच लागते.

गोचिडांकडे लोक फार हलक्याने पाहतात. कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड घरात, शेडमध्ये, भिंतीच्या भेगांत राहून वाढते. कुत्र्याला औषध लावले आणि भिंत तशीच ठेवली तर काही दिवसांत मूळपदावर. तिच्यामुळे होणाऱ्या एर्लिकिओसिसमध्ये ताप येतो, अन्न नकोसे होते, रक्तातल्या प्लेटलेट घटतात, कधी नाकातून रक्त येते. भेट द्याल तेव्हा भिंतीच्या तळाशी आणि क्रेटच्या सांध्यांत नजर टाकावी.

कायद्याचा आधार मर्यादित आहे. 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा सर्वांनाच लागू आहे. फार आखूड किंवा जड साखळीला प्राणी अवाजवी काळ बांधून ठेवणे त्यात गुन्हा ठरते. 2017 चे श्वानपैदास नियम आणि 2018 चे पेट शॉप नियम यांचा रोख मात्र पैदाशीवर आणि विक्रीवर आहे. त्यामुळे डे-केअरशी लेखी बोलणे करून घ्यावे. कुत्रा जखमी झाला तर कोणत्या पशुवैद्याकडे न्यायचे, मालकाचा फोन लागला नाही तर किती खर्चापर्यंत संमती गृहीत धरायची, आपल्या कुत्र्याने दुसऱ्याला किंवा तिथल्या माणसाला चावले तर भरपाई कोणाची, हे कागदावर असावे. माणसाला चावा लागला तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच सिल्वासाच्या विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटलसारख्या सरकारी रुग्णालयात जायचे, हेही तिथल्या प्रत्येकाला ठाऊक हवे.

सुरुवात आठवड्यातून दोनच दिवसांनी करावी. कुत्रा घरी येऊन नीट जेवतो, गाढ झोपतो आणि दुसऱ्या सकाळी गाडीकडे आपणहून ओढ घेतो, तर जागा मानवली. फाटक दिसताच तो बसकण मारत असेल, जुलाब लागत असतील किंवा सोसायटीतल्या ओळखीच्या कुत्र्यांवर गुरगुरू लागला असेल तर ती बदलावी. माजावर आलेली मादी, नुकते आजारातून उठलेले जनावर आणि गर्दीचा मुळातच तिटकारा असलेला कुत्रा यांना गटात घालूच नये. त्यांच्यासाठी दुपारी येऊन फिरवणारा माणूस ठेवावा, पहाटे दमणगंगेच्या काठाने लांब फेरी मारावी आणि घरात खाऊ लपवून तो वासाने हुडकायला लावावा. बीगलसारख्या कुत्र्याला अर्ध्या तासाची अशी शोधाशोध पळापळीइतकीच पुरते.