सांगणं सोपं करा

आमच्या शाळेत इंटरनेटवरच्या छळाची पहिली तक्रार माझ्याकडे आली नाही, मुख्याध्यापकांकडेही नाही. ती गेली शिपाई मावशींकडे. रत्नागिरी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी शिकवते. संगणकाचे तास माझ्याकडेच असतात, पासवर्ड कसा असावा इथपासून सगळं मुलांना मीच सांगते. तरी नववीतली ती मुलगी मधल्या सुट्टीत मावशींपाशी जाऊन रडली.

झालं होतं असं. गॅदरिंगमधल्या कोळीनृत्याचा तिचा फोटो एका नातेवाइकाने कौतुकाने आपल्या खात्यावर टाकला. खातं सगळ्या जगाला उघडं, आणि फोटोखाली तिचं पूर्ण नाव, इयत्ता, शाळा. कुणीतरी तो फोटो उचलला, तिच्या नावाने खोटं खातं काढलं आणि वर्गातल्या मुलांना घाणेरडे मेसेज पाठवायला लागला. तिने जाब विचारला तर उलट धमकी आली : आणखी फोटो पाठव, नाहीतर आहे त्याच फोटोचं काय करतो बघ.

तिने काहीही पाठवलं नव्हतं. तरी घरी अवाक्षर नाही. वडील मुंबईला कामाला, आई काजूच्या कारखान्यात, सिमकार्ड आजीच्या नावावर. मी विचारलं, घरी का नाही बोललीस? म्हणाली, "बाबांना कळलं असतं तर फोन गेला असता. कदाचित शाळापण." मग मावशींना कसं सांगितलंस? "त्या कुठे फोन काढून घेणारेत?"

धमकी देणाऱ्याचं सगळं भांडवल ते हेच. मूल घरी बोलणार नाही, याची त्याला खात्री असते. आणि ती खात्री त्याला आपणच पुरवतो, "असलं काही दिसलं ना, तर फोन फोडून टाकीन" असं म्हणून. म्हणून पालकसभेत मी पहिली गोष्ट हीच सांगते : मुलाला आधीच, काही घडलेलं नसताना, शब्द द्या की तू येऊन सांगितलंस म्हणून फोन जाणार नाही. आणि दिलेला शब्द पाळा. एकदा मोडलात, की पुढच्या वेळी ते मूल तुमच्याकडे येणार नाही.

हे एकट्या कोकणातलं दुखणं नाही. ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबईत सायबर जागरूकता महिन्याच्या कार्यक्रमात अभिनेते अक्षय कुमार यांनी स्वतःच्या मुलीचा प्रसंग सांगितला. ऑनलाइन गेम खेळताना समोरच्या अनोळखी माणसाने आधी मुलगा की मुलगी एवढंच विचारलं, आणि थोड्या वेळाने थेट नग्न फोटो मागितला. मुलीने खेळ बंद केला आणि सरळ आईला जाऊन सांगितलं. सातवी ते दहावीला आठवड्यातून एक सायबर तास असावा, अशी मागणी त्यांनी तिथेच मुख्यमंत्र्यांकडे केली. तास व्हावाच. पण ती मुलगी वाचली ती आईकडे जाता आलं म्हणून, हे विसरू नये.

आता प्रत्यक्ष असं काही घडलं तर करायचं काय?

भीतीने मुलं पहिल्यांदा सगळं पुसून टाकतात. तेवढं करू देऊ नका. आधी स्क्रीनशॉट घ्या, त्यात समोरच्याच्या खात्याचं नाव, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. खात्याची लिंक कॉपी करून ठेवा. मग ब्लॉक करा. पैसे किंवा फोटो देऊन प्रकरण मिटत नाही, मागणी वाढत जाते. मुलाच्या नावाने खोटं खातं असेल तर त्या अ‍ॅपमध्येच "हे माझ्या नावाने काढलेलं खातं आहे" अशी तक्रार करायची सोय असते. आमच्या शाळेतल्या त्या मुलीच्या बाबतीत पोलिसांकडे अर्ज आणि अ‍ॅपकडे तक्रार, दोन्ही केलं. खातं बंद झालं.

पैसे गेले असतील तर १९३० हा नंबर तात्काळ फिरवा; जितक्या लवकर फोन, तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी अडवली जाण्याची आशा जास्त. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर मुलांच्या अश्लील चित्रांबद्दलची तक्रार नाव न देताही करता येते. मूल संकटात असेल तर १०९८. मुलाचा नग्न किंवा अश्लील फोटो खरोखरच बाहेर गेला असेल तर 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा अठराच्या आतल्या मुलांसाठीच आहे. तिच्यात फोटो फोनमधून बाहेर पाठवावा लागत नाही, फक्त त्याची सांकेतिक खूण जाते आणि सहभागी अ‍ॅप तिच्यावरून तो फोटो शोधून काढतात. मुलग्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगा : असा फोटो "मी काढला नाही, नुसता पुढे पाठवला" ही सबब चालत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ ब कलमाखाली पुढे पाठवणं हाही गुन्हा आहे.

घडण्याआधीची कामं त्याहून सोपी. एकदा आठवीच्या वर्गात मी प्रत्येकाला आपल्या खात्यावरचं जन्मसाल बघायला सांगितलं. बरीच मुलं माझ्याहून वयाने मोठी निघाली! तेरा वर्षं पूर्ण नसली तर खातं उघडत नाही, म्हणून ठोकून दिलेलं १९८०. गंमत वाटते, पण त्याने नुकसान होतं. इन्स्टाग्रामने २०२४पासून किशोरांची खाती आपोआप खाजगी ठेवायला आणि अनोळखी माणसांचे मेसेज अडवायला सुरुवात केली. ज्याचं वय खात्यावर चाळिशीच्या पुढे आहे, त्याला हे कुंपण मिळेलच कसं? वय तेरा झालं असेल तर जन्मतारीख दुरुस्त करा. झालं नसेल तर खातं बंद करा.

दुसरं, मोठ्यांनी हात आवरावा. गणपतीत, शिमग्यात चाकरमानी येतात आणि मुलांचे फोटो धडाधड चढतात. टाकण्याआधी मुलाला विचारा. गणवेश, बिल्ला, घराची पाटी दिसत असेल तर फोटो टाकणं राहू द्या.

तिसरं आमच्याकडे विशेष. आजीचं वीजबिल, गॅसचं बुकिंग, आलेला ओटीपी वाचून दाखवणं, सगळं नातवंडं करतात. त्यामुळे "त्याला सगळं येतं" असं घरच्यांना वाटतं. बटणं येतात, माणूस ओळखणं येत नाही. गेममधले फुकट डायमंड देतो म्हणून कुणी ओटीपी मागतो आणि पोरगा देऊन बसतो. दोन गोष्टी पाठ करून घ्या : ओटीपी घराबाहेर जात नाही, आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही.

आता दर जूनमध्ये मी मुलांकडून एक चिठ्ठी लिहून घेते. नेटवर काही वाकडं घडलं तर ज्यांना सांगशील अशी दोन मोठी माणसं, त्यातलं एक घराबाहेरचं. चिठ्ठी मूल स्वतःकडेच ठेवतं. पालकांना मी एवढंच सांगते : घरी विचारा, आणि यादीत तुमचं नाव नसलं तर रागावू नका. आत्या असेल, क्लासचे सर असतील, मावशी असतील. ज्याचं नाव आहे त्याला गाठून १९३० आणि १०९८ हे दोन्ही नंबर त्याच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या.