रूळ गेले, वाट राहिली

नागपूर–नागभीड ही लहान आगगाडी आपल्या भागाजवळून जात असे. २०१९ साली ती बंद झाली. तिथे मोठ्या रुळांचे काम निघाले. पण काही ठिकाणी रूळ उखडले, की पुन्हा गाडी येतच नाही. मग त्या जागेचे काय करावे?

विलायतेत ब्रिस्टल आणि बाथ ही दोन शहरे आहेत. त्यांच्यामधली एक रेल्वे अशीच बंद पडली. १९७९ साली तिथले स्वयंसेवक कामाला लागले. १९८६ साली सुमारे २१ किलोमीटरची वाट पुरी झाली. तिच्यावर मोटारी नाहीत. लोक पायी जातात, सायकलने जातात.

ही वाट सायकलला सोपी का? आगगाडीला उभा चढ चढता येत नाही. म्हणून रूळ टाकताना उंचवटा खोदतात, खोलगट जागी भराव घालतात. त्यामुळे वाट सपाट होते.

आपल्या शेतांच्या पांदणीही सर्वांच्याच आहेत. दोन पावसाळे कोणी हात लावला नाही, तर काटे माजतात, धुरे सरकतात, धानाची बंडी अडते. मग भांडण कचेरीत जाते. घरटी एक माणूस एक दिवस निघाला, तर पांदण मोकळी होते. धान कापणीच्या आधी आपण तो दिवस ठरवू या.