तूर उधळते तेव्हा

चि. माधव,

तू पाठवलेले फोटो नीट पाहिले. ऐन शेंगा भरायच्या वेळी तुरीच्या तासातली झाडं हिरव्याची पिवळी होऊन जागेवर वाळताना पाहून तुझा जीव किती कासावीस झाला असेल, ते कळतं. पण घाईनं आणलेली ती बुरशीनाशकाची महागडी बाटली फवारू नकोस, फुटली नसेल तर परत कर. हा मर रोग असला तर त्याची बुरशी मुळातून शिरते आणि पाणी वर चढतं त्या खोडातल्या नळ्या बुजवते. पानावर मारलेलं औषध तिथवर पोचत नाही.

आधी खात्री करून घे. वाळत असलेलं एक झाड मुळासकट उपट आणि बुडाशी साल सोल. आत लाकडावर काळपट तपकिरी रेघा दिसल्या, बाहेरून खोडावर बुडापासून वर जाणारा जांभळट पट्टा असला, तर तो मर रोगच. झाडाची एकच फांदी वाळलेली असली तरी हे पाहा, सुरुवात कधीकधी तशीही होते. ओढ्याकडच्या सखल भागात पावसाळ्यातच खोडावर काळे खोलगट डाग पडून झाडं मोडली असतील, तर तो करपा, साचलेल्या पाण्यानं आलेला. त्याला चर काढणं हा मुख्य इलाज. आणि झाड फिकट, झुडपासारखं, फुलाविना उभं असेल तर तो वांझ रोग. तो विषाणूचा असतो आणि कोळी पसरवतो, त्याला बुरशीनाशक काय करणार? हे तीन आजार एकच समजून आपल्या परभणी जिल्ह्यात फार पैसा वाया जातो.

मर रोगाची बुरशी एडविन बटलर या शास्त्रज्ञानं बिहारात पुसा इथं अभ्यासली आणि १९१० साली तिला फ्युजेरियम उडम हे नाव दिलं. तिचं घर धसकटात. तूर काढल्यावर जी धसकटं आपण रानातच ठेवतो, त्यांत ती तीनेक वर्षं जिवंत राहते. म्हणून माझं सगळं सांगणं एवढ्यावर येतं की या रोगाशी लढायचं ते रान रिकामं असताना. तू मात्र दरवर्षी लढतोस ते पीक उभं असताना.

आत्ता वाळलेली झाडं उपटून जाळ. मळणी झाली की तुराट्या सरपणाला ने, त्यांचा बांधावर कूड नको. नांगरट झाल्यावर माणसं लावून धसकटं वेचून घे. मजुरी जड वाटेल, तरी घे. रोग आलेल्या या पट्ट्यात तीन वर्षं तूर नको, ज्वारी किंवा कापूस घे. पलीकडच्या रानात तूर घेशील तेव्हा तिच्या जोडीला ज्वारी ठेव. ज्वारीच्या संगतीत मर कमी होते, हे प्रयोगांतून दिसलं आहे. आपल्याकडे सोयाबीनच्या लाटेत खरीप ज्वारी मागं पडली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बियाणं घरचं नको. मध्यम रानाला बदनापूरचा बीडीएन ७११ वाण चांगला, दीडशे ते एकशे पंचावन्न दिवसांत येतो. भारी काळ्या रानात बीएसएमआर ७३६ घे. त्याला दिवस जास्त लागतात, पण तो मर आणि वांझ दोन्ही सोसतो. पेरणीच्या दिवशी बियाण्याला किलोमागे १० ग्रॅम ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी चोळ, मग रायझोबियम हे जिवाणूखत लाव, सावलीत सुकव आणि त्याच दिवशी पेर. उन्हात ठेवलंस तर दोन्ही मरतील. शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून ते ओल असताना रानात दिलंस तर अजून बरं.

साल सोलून पाहिल्यावरही शंका राहिली तर उपटलेलं झाड ओल्या गोणपाटात गुंडाळून परभणीला कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात ने. बियाण्यासाठी विद्यापीठाच्या १८ मेच्या खरीप मेळाव्याला जाऊ. सकाळी लवकर निघावं लागेल, तुरीच्या बियाण्याला तिथं रांग असते. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
काका