शब्दांनी काढलेले माणसाचे चित्र

चित्र रंगांनी काढतात, तसे शब्दांनीपण काढता येते. माणसाच्या अशा चित्राला व्यक्तिचित्र म्हणतात.

व्यंकटेश माडगूळकर यांचे 'माणदेशी माणसं' हे पुस्तक १९४९ साली आले. त्यात राजे नाहीत, पुढारी नाहीत. दुष्काळी भागातली गरीब माणसे आहेत. शाळेतला झेल्या आहे, रामा मैलकुली आहे. पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली'ला १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वल्ली म्हणजे जगावेगळा माणूस. त्यातला नारायण दुसऱ्याच्या घरचे लग्न आपलेच समजून राबतो. हरितात्या शिवाजी महाराजांच्या गोष्टी अशा सांगतात, की जणू ते स्वतः तिथे हजर होते!

आपण कसे लिहावे?

१) "ते फार चांगले आहेत" एवढेच लिहू नये. हे कोणालाही लागू पडते. ते दिवसभर काय करतात, ते बघून लिहावे.

२) त्यांचे बोलणे त्यांच्याच शब्दांत लिहावे.

३) "का?" असे जरूर विचारावे.

आमच्या आळीत एक आजोबा आहेत. आता सगळ्यांकडे प्लास्टिकचे कागद आणि रेनकोट आले. तरी ते दरवर्षी पावसाआधी बांबूच्या कामट्या आणि पळसाची पाने घेऊन इरले विणतात. काही पोरे हसतात, "म्हातारा येडा झालाय" म्हणतात. मी विचारले, "आजोबा, तुम्ही इरलंच का घेता?" ते म्हणाले, "छत्री धरली का एक हात गेला. कागद वाऱ्यानं उडतो. इरलं पाठीवर बसतं, दोन्ही हात मोकळे. मग खुशाल लावणी कर!"

म्हणजे नुसते बघितले तर येडेपणा वाटतो. विचारले तर त्यात हिशोब असतो.

आमच्या आळीत इरले विणणारे आता ते एकटेच आहेत. आपण लिहून ठेवले नाही, तर इरले कसे विणत आणि का घेत, दोन्ही पुढे कोणाला कळणार नाही.

४) लिहिलेले त्या माणसाला वाचून दाखवावे. चिडवायला लिहू नये. मी वाचून दाखवले तेव्हा आजोबा म्हणाले, "कामट्या कशा तासायच्या तेपण लिही. उद्या ये, दाखवतो."

तर मित्रांनो, सुट्टीत प्रत्येकाने एक माणूस निवडा आणि लिहा. आणि पालकांना विनंती, आम्हाला अशा माणसांजवळ बसू द्या. तोपण अभ्यासच आहे.

— इयत्ता चौथी, जि. प. शाळा, दिघाशी